गॅलरीसमोर हाय टेन्शन लाइन आहे, फ्लॅट घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा: नवरा-बायको, तीन वर्षांची मुलगी, चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट पसंत पडलाय, पण गॅलरीसमोर अंदाजे ६० मीटरवर मोठ्या टॉवरची लाइन आहे. बिल्डर म्हणतो काही होत नाही, सासरे म्हणतात फुकट दिला तरी नको, आणि रात्री नेटवर वाचायला बसलं की झोप उडते. घ्यावा की नाही?

मी पंचवीसेक वर्षं ट्रान्समिशन लाइनच्या मेंटेनन्समध्ये काढलीत. टॉवरवर चढलोय, पावसात पेट्रोलिंग केलंय, लाइनखाली पत्र्याची शेड टाकणाऱ्यांशी भांडलोय, त्यामुळे हा प्रश्न मला ओळखीतल्या जवळजवळ सगळ्यांनी विचारून झालाय. विचारणारे टॉवर बघून घाबरलेले असतात आणि विचारतात फक्त रेडिएशनचं. तार वाऱ्यात कुठपर्यंत झुलते, लाइनचा पट्टा किती रुंद, कागदावर काय लिहिलंय, हे कुणी विचारत नाही. आणि घर घेऊन पस्तावलेले जे लोक मी पाहिलेत ते बहुतेक सगळे ह्या न विचारलेल्या गोष्टींत अडकलेले. म्हणून मी उलट्या बाजूने सुरुवात करतो, रेडिएशनवर येतोच.

आधी समोरची लाइन कसली आहे ते ओळखा. "हाय टेन्शन" हा शब्द गल्लीतल्या ११ केव्हीच्या (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) खांबापासून ७६५ केव्हीच्या अजस्र टॉवरपर्यंत सगळ्याला वापरतात, त्यावरून काहीच कळत नाही. टॉवरच्या पायाशी कवटीचं चित्र असलेली धोक्याची पाटी असते, तिच्यावर व्होल्टेज असतं, आसपास टॉवर नंबर आणि बऱ्याचदा लाइनचं नावही. लांबून झूम करून फोटो काढा, जवळ जायची गरज नाही. पाटी जाग्यावर नसेल (पत्रा असतो, चोरीला जातो) तर तार ज्या इन्सुलेटरच्या (वीज टॉवरमध्ये उतरू न देणाऱ्या) माळेला लटकते तिच्या बशा मोजा. सरळ लटकणाऱ्या माळेत ९-१० बशा म्हणजे बहुधा १३२ केव्ही, १३ ते १५ असतील तर २२०, तेवीसच्या आसपास असतील तर ४००. धुळीच्या नाहीतर समुद्राकाठच्या भागात एकदोन बशा जास्त टाकतात, म्हणून हा अंदाजच समजा. हल्ली एकसंध रबरी दिसणारे पॉलिमर इन्सुलेटर असतात, तिथे मोजणी चालत नाही, मग एका माळेखाली किती तारा जातात ते बघा. दोन किंवा चार तारा मध्ये स्पेसर (अंतर राखणारे तुकडे) लावून जोडीने जात असतील तर बहुधा ४०० किंवा त्याच्या वरचं प्रकरण. अगदी टोकावरची बारीक तार ही अर्थवायर, आकाशातली वीज झेलायला लावलेली, तिच्यातून रोजचा करंट जात नाही.

हे एवढं का, तर व्होल्टेज कळल्याशिवाय "६० मीटर" ह्या आकड्याला अर्थच नाही. आणि ते ६० मीटर मोजले कुठून? बहुतेक जण टॉवरपासून मोजतात. टॉवर लोखंडाचा सांगाडा आहे, जमिनीला अर्थ केलेला, त्याच्यातून वीज जात नाही. मोजायचं ते तुमच्या बाजूच्या सगळ्यात बाहेरच्या तारेपासून गॅलरीच्या कठड्यापर्यंत, आडवं. टॉवर ६० मीटरवर असला तरी लाइन तिरपी गेली असेल तर पुढच्या टॉवरकडे जाताना तार तुमच्या बिल्डिंगच्या ४० मीटरवर आलेली असू शकते. उलटंही असतं, टॉवर अंगावर आल्यासारखा दिसतो आणि तारा लांबून निघून जातात. सॅटेलाइट मॅपवर मोजा, दोन मिनिटांचं काम आहे.

आता तार ही काही स्थिर वस्तू नाही. आत स्टीलचा गाभा, बाहेर अॅल्युमिनियमच्या तारांचा पीळ अशी ती बनलेली असते, आणि लोड वाढला, ऊन तापलं की ती गरम होऊन लांबते आणि झोळ वाढतो. दोन टॉवरमधलं अंतर साडेतीनशे मीटर धरलं तर थंडीतल्या पहाटे दिसणारी तार आणि उन्हाळ्यात भर दुपारी फुल लोडवरची तार यात दोन-तीन मीटरचा फरक सहज पडतो. लोकांना हे सांगितलं की विश्वास बसत नाही. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिका-कॅनडात साधारण पाच कोटी लोकांची वीज गेली त्याच्या मुळाशी हेच होतं, ओहायोमध्ये ३४५ केव्हीच्या तारा झोळ वाढून खालच्या न छाटलेल्या झाडांना टेकल्या, एकामागून एक लाइन ट्रिप होत, म्हणजे आपोआप बंद पडत गेली. आणि झोळ जिथे सगळ्यात जास्त तिथेच, म्हणजे दोन टॉवरच्या मधोमध, वाऱ्यात तार आडवी झुलतेही जास्त, वादळात काही मीटर. तुमची बिल्डिंग टॉवरसमोर आहे की मधोमध आहे हे म्हणून बघायचं. शांत हवेच्या दिवशी गॅलरीत उभं राहून "केवढी लांब आहे" म्हणणं पुरत नाही.

ह्या सगळ्याचा हिशोब करूनच लाइनच्या दोन्ही बाजूंना एक पट्टा राखलेला असतो, राइट ऑफ वे म्हणतात, साइटवर आम्ही कॉरिडॉर म्हणतो. व्होल्टेज वाढलं की पट्टा रुंद, देशोदेशी नियम वेगळे, पण ढोबळमानाने १३२ केव्हीला एकूण रुंदी पंचवीस-तीस मीटर, २२० ला पस्तीसच्या आसपास, ४०० ला पंचेचाळीस-पन्नास, आणि ७६५ ला त्याहून बरीच जास्त. ही एकूण रुंदी आहे, म्हणजे लाइनच्या मध्यापासून एका बाजूला निम्मी. त्यामुळे ६० मीटर खरंच ६० असतील तर तुमची बिल्डिंग पट्ट्याच्या बाहेर आहे. पण बिल्डिंग बाहेर आणि पार्किंग, मुलांची खेळायची जागा, पोडियम पट्ट्यात, असं मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय, कारण बिल्डरला ती जागा दुसऱ्या कशाला वापरता येत नाही, मग तिथे झोपाळे आणि घसरगुंडी बसवतात. लेआउट प्लॅनवर लाइन काढलेली असते, तो मागा, आणि पट्टा स्केलने मोजा.

स्वतंत्र घर किंवा प्लॉट घेणाऱ्यांसाठी तर हा मुद्दा सगळ्यात मोठा आहे. पट्ट्यातली जमीन तुमच्या नावावर असली तरी तिच्यावर बांधकाम चालत नाही, उंच झाडं चालत नाहीत, आणि लाइन कंपनीच्या माणसांना आत यायचा, फांद्या तोडायचा हक्क असतो. आम्ही गेलो की लोक अडवायचे, "माझ्या बागेत न विचारता कसे आलात", त्यांचंही बरोबर वाटायचं, पण घर घेताना कुणीतरी त्यांना हे सांगायला हवं होतं. काही ठिकाणी हा हक्क नोंदणीकृत दस्तात असतो, काही ठिकाणी कायद्यानेच असतो आणि दस्तात एक ओळही सापडत नाही, त्यामुळे वकिलाने "टायटल क्लिअर" म्हटलं म्हणजे हा विषय संपला असं नाही. लाइन ज्या कंपनीची आहे त्यांना टॉवर नंबर टाकून लेखी विचारायचं: ह्या दोन टॉवरच्या मधल्या गाळ्यात तुमचा पट्टा किती, ही मिळकत त्यात येते का, लाइन बदलायचा किंवा क्षमता वाढवायचा प्लॅन आहे का. उत्तराला वेळ लागतो, मागे लागावं लागतं, पण ते एक पत्र हातात असलं की बँकेचा व्हॅल्यूअर, पुढचा खरेदीदार, सोसायटी, सगळ्यांची तोंडं बंद होतात. बँकेलाही आधीच विचारून घ्या. टोकन दिल्यावर टेक्निकल रिपोर्टमध्ये लाइन निघाली आणि लोन अडकलं, अशी एक केस माझ्या अगदी जवळच्या माणसाची आहे, त्याचे पैसे सुटायला वर्ष गेलं.

क्षमता वाढवायचा प्रश्न मुद्दाम घातलाय. जुन्या टॉवरवर तेच टॉवर ठेवून नवी तार ओढता येते, जास्त तापमान सोसणारी आणि तरी कमी झोळ येणारी, तिच्यातून जवळजवळ दुप्पट करंट नेता येतो. बाहेरून बघणाऱ्याला काहीच बदललेलं दिसत नाही. पण चुंबकीय क्षेत्र करंटच्या प्रमाणात असतं, म्हणजे आज तुम्ही जे मोजाल ते पाच वर्षांनी दुप्पट असू शकतं.

आणि बिल्डरचं ठरलेलं वाक्य, "लाइन लवकरच अंडरग्राउंड होणार आहे". होते कधीकधी, पण मोठ्या व्होल्टेजची केबल जमिनीखाली टाकायला वरच्या लाइनच्या कित्येक पट खर्च येतो, तो कोण देणार ह्याचा कागद दाखवा म्हणायचं. कागद नसेल तर लाइन आहे तिथेच राहणार असं धरून निर्णय घ्या. बाय द वे, केबल जमिनीखाली गेली म्हणजे चुंबकीय क्षेत्र गेलं असंही नाही, केबलच्या बरोब्बर वर उभं राहिलात तर ते वरच्या लाइनखालच्यापेक्षा जास्तही भरू शकतं, फक्त बाजूला गेलं की फार लवकर उतरतं.

आता रेडिएशन. आधी हा शब्द सोडून देऊ, कारण ह्या शब्दाने एक्स-रे, मोबाइल टॉवर आणि वीजलाइन एकाच गोणीत भरले जातात. लाइनची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते (५० हर्ट्झ), काही देशांत ६०, आणि ५० ला तरंगलांबी निघते ६००० किलोमीटर. ह्यात डीएनए तोडण्याइतकी ऊर्जा नसते, ते काम एक्स-रेचं. लाइनभोवती असतात दोन वेगवेगळी क्षेत्रं. विद्युत क्षेत्र व्होल्टेजवर ठरतं आणि ते भिंत, झाड, छप्पर यांनी अडतं, त्यामुळे बाहेर लाइनखाली मीटरला हजारो व्होल्ट असलं तरी घरात फारच थोडं शिरतं. ४०० केव्हीखाली हातात धरलेली ट्यूब आपोआप पेटते ते व्हिडिओ ह्याच क्षेत्राचे, इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ २००४ मध्ये एका कलाकाराने लाइनखालच्या शेतात १३०१ ट्यूब जमिनीत रोवून सगळं शेत उजळवलं होतं. दिसायला भीतीदायक, पण ट्यूब चमकायला लागणारा करंट अगदी किरकोळ असतो.

दुसरं चुंबकीय क्षेत्र, ते करंटवर ठरतं आणि भिंतीतून सरळ आत येतं, वाद सगळा त्याचाच. मायक्रोटेस्लात मोजतात, मोजायच्या काही यंत्रांवर मिलिगॉस लिहिलेलं असतं, १० मिलिगॉस म्हणजे १ मायक्रोटेस्ला, हे रूपांतर न केल्यामुळे लोक उगाच दहापट घाबरतात. मोठ्या लाइनच्या बरोबर खाली काही मायक्रोटेस्ला भरतं, लोड जोरात असेल तर दहाच्या वरही. पण तीन फेजचे, म्हणजे लाइनच्या तीन वेगळ्या तारांतले, करंट एकमेकांना बऱ्यापैकी खोडतात, त्यामुळे अंतर दुप्पट केलं की क्षेत्र साधारण चौथाई होतं, आणि टॉवरच्या दोन्ही बाजूंना सर्किट (अशा तीन तारांचा एकेक संच) असून फेजांचा क्रम उलटसुलट लावलेला असेल तर त्याहून लवकर पडतं. शंभर मीटरच्या पुढे गेलात की बहुतेक लाइनींचं क्षेत्र घरातल्या नेहमीच्या पातळीत मिसळून जातं. ती नेहमीची पातळी म्हणजे ०.०५ ते ०.१ च्या आसपास. तुलनेला सांगतो, व्हॅक्यूम क्लीनरपासून एक फुटावर २ ते २० मायक्रोटेस्ला असतं, हेअर ड्रायर डोक्याला लावून धरला तर शेकड्यातही जातं, फक्त ते काही मिनिटांपुरतं आणि लाइन चोवीस तास, हा फरक आहेच, तो मी लपवत नाही.

मर्यादा किती, तर आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक संस्था आयसीएनआयआरपीने सर्वसामान्य लोकांसाठी १९९८ मध्ये १०० मायक्रोटेस्ला धरली होती, २०१० मध्ये ५० हर्ट्झला २०० केली. ६० मीटरवर तुम्ही त्याच्या जवळपासही जाणार नाही, बिल्डर "सेफ" म्हणतो तो ह्या अर्थाने खरं बोलतोय. सासऱ्यांच्या काळजीचं मूळ दुसरीकडे आहे.

१९७९ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये नॅन्सी वेर्टहायमर आणि एड लीपर यांनी मुलांच्या कॅन्सरचा आणि घराजवळच्या वीजतारांचा संबंध दिसतो असं मांडलं. त्यांनी घराघरात क्षेत्र मोजलं नव्हतं, बाहेरच्या तारा बघून घरांची वर्गवारी केली होती, पण तिथून पुढे वीस वर्षं जगभर अभ्यास झाले. २००० मध्ये ते एकत्र करून बघितले तेव्हा चित्र असं निघालं: ९९ टक्क्यांहून जास्त मुलं सरासरी ०.४ मायक्रोटेस्लाच्या खालच्या घरांत राहत होती आणि त्यांच्यात रक्ताच्या कॅन्सरची काही वाढ दिसली नाही, वरच्या ०.८ टक्क्यात मात्र प्रमाण साधारण दुप्पट दिसलं. हा आजार मुळात दुर्मीळ, वर्षाला लाख मुलांमागे मोजकी प्रकरणं, त्यामुळे दुप्पट म्हणजे काय ते त्या प्रमाणात बघा. ह्याच आधारावर २००२ मध्ये कॅन्सर संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आयएआरसीने, हे क्षेत्र "२ब", म्हणजे कदाचित कॅन्सरकारक, ह्या गटात टाकलं. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कसुद्धा ह्याच गटात आहे. गट सांगतो पुरावा किती भक्कम आहे ते, धोका किती मोठा आहे ते नाही, आणि व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या सगळ्या मेसेजमध्ये नेमकं हेच उलटं लिहिलेलं असतं.

मला स्वतःला जास्त विचार करायला लावलं ते इंग्लंडच्या कामाने. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात जन्माच्या वेळी लाइनपासून २०० मीटरच्या आत राहणाऱ्या मुलांत हा आजार साधारण १.७ पट दिसला, आणि गंमत म्हणजे २०० ते ६०० मीटरमध्येही थोडी वाढ दिसली, जिथे लाइनचं चुंबकीय क्षेत्र जवळजवळ उरतच नाही. मग २०१४ मध्ये त्याच मंडळींनी आणखी वर्षांचा डेटा घालून बघितलं तर ही वाढ जुन्या दशकांतली, १९६०-७० च्या काळातली निघाली, पुढे ती ओसरत गेलेली. लाइनी होत्या तिथेच, विजेचा वापर तेव्हापासून वाढलाच. क्षेत्र दोषी असतं तर हे असं दिसायला नको होतं, बहुधा लाइनजवळ कोण राहत होतं ते बदललं असावं. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सगळा आढावा घेऊन म्हटलं ते असं, की पुरावा कारण म्हणण्याइतका नाही, पण स्वस्तात टाळता येत असेल तर टाळा. काही देशांनी त्या धोरणाने नव्या कामांना कडक आकडे लावलेत, स्वित्झर्लंडमध्ये राहत्या जागांसाठी १ मायक्रोटेस्ला, इटलीत ३, नेदरलँड्समध्ये तर वर्षाची सरासरी ०.४ च्या वर जाईल अशा पट्ट्यात नवी घरं-शाळा शक्यतो नकोत असा सल्ला २००५ पासून होता. मी ह्याच विचाराचा आहे. घाबरायचं कारण दिसत नाही, पण लहान मूल असेल आणि निवडायला वाव असेल तर झोपायच्या जागी ०.४ च्या खाली राहावं, एवढं पाळायला फारसं काही लागत नाही.

म्हणजे मोजायला हवं. मोबाइलवरचं अॅप वापरू नका, कृपा करून. फोनमधला सेन्सर होकायंत्रासाठी असतो, तो पृथ्वीचं स्थिर चुंबकत्व दाखवतो, जे जागेनुसार २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतंच, आणि शेजारी लोखंडी कपाट आलं की आकडा उडतो. एका बाईंनी मला "घरात ४८ मायक्रोटेस्ला" म्हणून घाबरून फोन केला होता, ते पृथ्वीचं होतं. विजेच्या लाइनचं बदलतं (एसी) क्षेत्र मोजणारा, तिन्ही दिशांत एकदम मोजणारा मीटर लागतो, भाड्याने मिळतो किंवा विजेच्या टेस्टिंगवाल्यांकडे असतो. एकदाच जाऊन मोजण्यात अर्थ कमी, कारण लाइनचा लोड तासागणिक बदलतो. एखाद्या लाइनीत दुपारी २०० अँपिअर वाहतात तर संध्याकाळी ५००. मोजताना वेळ टिपा, मग लाइन कंपनीला त्या वेळचा करंट आणि वर्षाचा सरासरी करंट विचारा, देतात कधीकधी. समजा २०० अँपिअरला ०.१५ भरलं आणि सरासरी ४०० असेल तर तुमची सरासरी ०.३, सरळ त्रैराशिक. आकडे नाही मिळाले तर दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी, त्यातला एक वीजवापर जास्त असलेल्या ऋतूतला, असं मोजा.

आणि मोजताना मीटर गॅलरीत धरून उभे राहू नका, घरभर फिरवा. माझा सगळ्यात आवडता किस्सा ह्यावरूनच आहे. एक कुटुंब १२० मीटरवरच्या लाइनमुळे इतकं हैराण होतं की घर विकायला काढलेलं. मी मीटर घेऊन गेलो, गॅलरीत ०.०६. हॉलमध्ये तेवढंच. बेडरूममध्ये पलंगाच्या उशाशी गेलो तर १.८! दिवा बंद केला, फ्रिज बंद केला, घराचा मेन स्विच पाडला, आकडा हलेना. भिंतीपलीकडे जाऊन बघितलं तर तिथे सगळ्या बिल्डिंगची मीटर रूम, मोठा पॅनेल बरोबर त्या भिंतीला लागून. पलंग समोरच्या भिंतीला सरकवला, आकडा ०.१ वर. दोन वर्षं ती माणसं खिडकीबाहेर बघत होती आणि डोकं ठेवून झोपत होती पॅनेलला. तेव्हा खालच्या मजल्यावर ट्रान्सफॉर्मर आहे का, बेडरूमच्या मागे मीटर रूम किंवा केबल वर नेणारी शाफ्ट आहे का, हे समोरच्या टॉवरइतकंच बघा. कधीकधी घरातल्या वायरिंगमध्ये न्यूट्रल चुकीच्या जागी अर्थला जोडलेला असतो, त्यानेही क्षेत्र वाढतं, आणि ते तर वेगळ्या कारणानेही धोक्याचंच.

क्षेत्र अडवणारे रंग, स्टिकर, पडदे, दगड काही घेऊ नका. अॅल्युमिनियमचा पत्रा विद्युत क्षेत्र अडवतो, जे भिंतीने आधीच अडलंय. चुंबकीय अडवायला खास मिश्रधातू लागतात, घराला ते कुणी लावत नाही.

चौथ्या मजल्याबद्दल विचारलंत. वर गेल्याने अंतर वाढतं असं वाटतं, पण तार जमिनीवर नसते, वरचे मजले तारेच्या उंचीला येतात. ६० मीटरवर ह्याने नगण्य फरक पडतो, २०-२५ मीटरवर मात्र पडला असता.

आवाजाचं लोक विसरतात. ४०० केव्ही आणि वर, पाऊस, धुकं, दव असलं की तारांभोवती चरचर-सळसळ सुरू होते, कोरोना म्हणतात त्याला (आजाराच्या कितीतरी आधीपासून), सोबत एक गुणगुण. कोरड्या दुपारी साइट दाखवतात तेव्हा काहीच ऐकू येत नाही. पावसाळी रात्री नाहीतर धुक्यातल्या पहाटे दहा मिनिटं गॅलरीत उभं राहून या. १३२ किंवा २२० ला सहसा हा त्रास नसतो, तिथे जोरात चरचर येत असेल तर इन्सुलेटर घाण झालेत किंवा एखादी बशी फुटलीय, कळवायला हवं. गच्चीवर पत्र्याची लांब शेड, कुंपणाची लांब तार लाइनला समांतर असेल तर हात लावल्यावर झिणझिण्या येऊ शकतात, अर्थिंग केलं की जातात. घरात कुणाला पेसमेकर असेल तर लाइनखाली रोज ये-जा करायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

टॉवर पडेल का? पडतात, भयंकर वादळात किंवा बर्फाने. जानेवारी १९९८ मध्ये कॅनडात क्युबेकला गोठत्या पावसाने तारांवर बर्फ साचून हजारो खांब आडवे झाले. पण पडला तरी टॉवर बहुधा पाय वाकून स्वतःच्या उंचीच्या आतच कोसळतो, म्हणून माझा साधा नियम, टॉवरच्या उंचीपेक्षा जास्त लांब असाल तर ही चिंता सोडा. मोठ्या लाइनची तार तुटली तर संरक्षण यंत्रणा सेकंदाच्या काही अंशात वीज तोडते. खरा घात करते ती बारकी लाइन, ११ केव्हीची, बिल्डिंगच्या बाजूने जाणारी, जिच्याकडे कुणी बघत नाही. ती कोरड्या जमिनीवर तुटून पडली तर करंट इतका कमी वाहतो की कधीकधी ट्रिपच होत नाही, तार जिवंत पडून राहते. अपघात मी जेवढे पाहिले ते बहुतेक तिथलेच: गच्चीवरून अॅल्युमिनियमची शिडी फिरवताना, सळई वर घेताना, खिडकी पुसायचा लांब दांडा, पतंग. उच्च दाबाला स्पर्शही लागत नाही, पुरेसं जवळ गेलं की वीज हवेतूनच झेप घेते. म्हणून समोरच्या ६० मीटरवरच्या टॉवरकडे बघून झालं की बिल्डिंगच्या मागच्या बाजूलाही एक चक्कर मारा, तिथे तीन-चार मीटरवरून अशी लाइन जात असेल तर माझ्या मते ती जास्त मोठी अडचण आहे, आणि लहान मूल असलेल्या घरात तर नक्कीच. पडलेली तार दिसली तर दहा मीटर लांब, पाय जवळजवळ ठेवून सरकत मागे, हे मुलीला जरा मोठी झाली की शिकवाच, कुठेही राहत असलात तरी.

पैशाचं बोलायचं तर लाइन दिसणारं घर स्वस्त मिळतं आणि स्वस्तच विकलं जातं, भीती खरी असो वा खोटी, पुढच्या खरेदीदाराचे सासरे पण असतीलच. ज्या ज्या अभ्यासांत किमतीतली घट दिसलीय ती बहुतेक एक आकडी टक्क्यांतली आणि अंतर वाढलं की विरणारी, पण विकायला लागणारा वेळ जास्त, हे माझं आजूबाजूचं निरीक्षण. त्याच प्रोजेक्टमधल्या उलट्या बाजूच्या फ्लॅटपेक्षा तुम्हाला कमी भाव मिळत नसेल तर घेऊ नका, बिल्डर एकीकडे "काही होत नाही" म्हणतो म्हणून सारखाच भाव लावतो.

तुमच्या जागी मी असतो तर १३२ किंवा २२० असेल, ६० मीटर बाहेरच्या तारेपासून खरे असतील, पट्ट्याचं पत्र मिळालं असेल, तर घेतला असता, भाव पाडून. ४०० असेल तर मोजमापाशिवाय आणि पावसाळी रात्रीच्या फेरीशिवाय सही केली नसती. ७६५ असेल तर दुसरा बघितला असता, मुख्यतः आवाज आणि विक्रीसाठी. सासऱ्यांना मोजायला सोबत न्या, त्यांच्या हातात मीटर द्या, सांगून जे पटत नाही ते आकडा बघून पटतं, आणि आकडा खरंच जास्त निघाला तर तेच बरोबर होते. जायच्या आधी मुलीचा पलंग कुठल्या भिंतीला लागणार ते ठरवा आणि मीटर उशीच्या उंचीवर, तिथे, पाच मिनिटं ठेवा.